'ही ती वेळ नाही' म्हणालात, मग वेळ कोणती? ब्रिटनच्या खासदारांना खुलं पत्र

हाउस ऑफ कॉमन्सच्या सर्व सन्माननीय सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यापैकीच एकाची मतदार आहे. मूळची कोल्हापूरची. गेली एकोणीस वर्षं इंग्लंडात नर्स आहे, आणि त्यातली बरीचशी वर्षं कम्युनिटी नर्स. म्हणजे वॉर्डात नाही, लोकांच्या घरी जाऊन ड्रेसिंग, इंजेक्शनं, कॅथेटर बघते. माझा भाग जुन्या लँकशायरमधला. हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत मी दिवसभर पेशंटच्या नोंदी लिहिते आणि मनातलं लिहायला बसले की मराठीच येते. माझी मुलगी याचं इंग्रजी करून देणार आहे. पण आधी ते माझ्या माणसांनी वाचावं असं वाटलं. राणीबद्दल, राजाबद्दल आमच्या घराघरांत भरपूर बोललं जातं, पण बाहेर कुणी अवाक्षर काढत नाही. परक्या देशात राहून कशाला वाकड्यात शिरा, असा आमचा स्वभाव.

पण मला हा देश आता परका नाही. २०१४ मध्ये टाउन हॉलमध्ये उभं राहून मी शपथ घेतली: महाराणी एलिझाबेथ दुसऱ्या, त्यांचे वारस आणि उत्तराधिकारी यांच्याशी निष्ठावंत राहीन. भिंतीवर राणीचा फोटो होता. लहानपणी रोज सकाळी शाळेत देशाची आणि देशबांधवांची प्रतिज्ञा म्हटलेली मी, एका कुटुंबाच्या नावाने शपथ घेताना जरा अडखळले. पण घेतली. तुम्हीही निवडून आल्यावर जवळजवळ हीच शपथ घेता, म्हणून हे पत्र तुम्हाला. २०२२ मध्ये राणी गेल्या तेव्हा राजघराण्याच्या खर्चाचा आणि वारशाचा जो हिशेब 'ही ती वेळ नाही' म्हणून बाजूला ठेवला गेला, तो आता काढा, एवढंच सांगायचं आहे.

आणखी एक आधीच सांगते. राणीच्या अंत्यदर्शनाच्या रांगेत मीही उभी होते.

गुरुवार, १५ सप्टेंबर २०२२. त्या दिवशी रेल्वेचा संप ठरलेला होता, तो शोकामुळे मागे घेतला गेला, म्हणून तर गाडी मिळाली. बरोबर वॉर्डातली माझी जुनी मैत्रीण होती, फिलिपिन्सची. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला लंडनमधल्या बर्मंडसीला, रांगेच्या टोकाला, मनगटावर कागदी पट्टा बांधून घेतला आणि चालायला लागलो. पुढे एक निवृत्त बसड्रायव्हर, मागे दोन बहिणी, त्यांच्याकडे थर्मास आणि एकच घोंगडी. टॉवर ब्रिजपर्यंत आम्ही अनोळखी होतो. नॅशनल थिएटरपाशी येईपर्यंत एकमेकांच्या बॅगा सांभाळत होतो. पंढरीची वाट मी लहानपणी आजीचं बोट धरून थोडी चालले आहे. तिची आठवण झाली, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. त्या रांगेतली माणसं खरी होती आणि त्यांचं दुःखही खरं होतं. कुणी आईला आठवत होतं, कुणी नुकत्याच गेलेल्या नवऱ्याला. त्यांना वेडं म्हणणारे लेख मी नंतर वाचले तेव्हा मला राग आला.

सेंट थॉमस रुग्णालयापाशी रांग कोविडच्या स्मृतिभिंतीला लागून जात होती. नदीच्या पलीकडे तुमचं सभागृह, अलीकडे भिंतीवर लाल बदाम, गेलेल्या प्रत्येक माणसासाठी एक. मध्यरात्र उलटून गेली होती. रांग हळू सरकत होती, त्यामुळे एकेका बदामातलं नाव वाचता येत होतं. पावसाने बरीच अक्षरं फिकी झाली होती. मैत्रीण एका नावापाशी थांबली. आमच्याबरोबर काम केलेली एक हेल्थकेअर असिस्टंट. तिच्या अंत्यविधीला मोजून दहा माणसांना परवानगी मिळाली होती, आणि आम्ही दोघी त्या दहांत नव्हतो. राणीही आपल्या नवऱ्याच्या अंत्यविधीला, १७ एप्रिल २०२१ ला, तोंडावर मास्क लावून एकट्या बसल्या होत्या. त्या चित्रामुळेच तर मी रांगेत आले होते. आमच्यावर जो नियम होता तो त्यांनी स्वतःवर घेतला, एवढं मला पुरेसं वाटलं होतं.

पहाटे चारच्या सुमारास आम्ही वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये पोचलो. आत कुणी बोलत नव्हतं. दर वीस मिनिटांनी काठीचा ठोका पडायचा आणि पहारा बदलायचा. शवपेटीवर मुकुट. (घरी आल्यावर पहिला प्रश्न 'कोहिनूर दिसला का?' तो त्या मुकुटात नाही, राणीच्या आईच्या मुकुटात आहे. आमच्या मंडळींची चर्चा नेहमी कोहिनूरपाशी येऊन अडकते. त्याचा हिशेब वेगळा आणि मोठा आहे. मला आज इथल्या घरांचा हिशेब मांडायचा आहे.) या हॉलच्या पायऱ्यांवर एक पितळी पट्टी आहे, ती मी पूर्वी मुलीच्या शाळेच्या सहलीत पाहिली होती. जानेवारी १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्स राजावर खटला चालला तेव्हा तो तिथे होता. तुमच्या सभागृहाने राजाला जाब विचारला तो याच छपराखाली. त्या रात्री ती पट्टी मला दिसली नाही.

आता त्याच आठवड्यातली दुसरी गोष्ट.

सोमवार, १९ सप्टेंबरला अंत्यविधीची सुटी होती, पण जखमांना सुटी नसते, मी ड्यूटीवर होते. माझ्या यादीत एक आजी होत्या. नाव अर्थातच सांगणार नाही. वय अठ्ठ्याहत्तर, पायावर भरत नसलेली जखम, घरी एकट्या. काळं कार्डिगन घालून त्या टीव्हीसमोर बसल्या होत्या. मी पट्ट्या सोडत असताना त्यांनी १९५३ च्या राज्याभिषेकाची गोष्ट सांगितली. त्या नऊ वर्षांच्या होत्या, साखर अजून रेशनवर होती आणि राज्याभिषेकासाठी माणशी जादा साखर मिळाली होती. आईने केक केला. गल्लीत टेबलं मांडली आणि पावसाने सगळं भिजवलं. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता.

चहा विचारला त्यांनी. किटली लावायला मी उठले तर म्हणाल्या, थर्मासमध्ये आहे. सकाळी एकदाच पाणी उकळून दिवसभराचं भरून ठेवायचं, म्हणजे वीज कमी लागते. जिन्याखाली प्रीपेड मीटर होता. किल्ली कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन तिच्यात पैसे भरायचे, ते संपले की अंधार. आजींनी आधीचे दोन दिवस ओव्हन लावला नव्हता, गरम पाणीही जपून वापरलं होतं. का, तर अंत्यविधी चालू असताना मध्येच टीव्ही बंद पडू नये. टीव्हीला अशी किती वीज लागते, हे मी त्यांना सांगितलं नाही. दोन दिवस दूध आणि कॉर्नफ्लेक्स. त्यांची फूड बँक, म्हणजे गरजूंना मोफत शिधा देणारी जागा, त्या सोमवारी बंद होती. त्याच दिवशी ठरलेली पायाची तपासणीही रुग्णालयाने पुढे ढकलली होती, ती झाली नोव्हेंबरात. तोवर जखम करंगळीच्या नखाएवढ्याची पाच पेन्सच्या नाण्याहून मोठी झाली होती. मी दर आठवड्याला कागदी पट्टीने मोजून लिहीत होते, म्हणून सांगते.

दोन मिनिटांची शांतता सुरू झाली तेव्हा आजी खुर्चीचा आधार घेऊन उभ्या राहिल्या. मीही राहिले. नंतर मी हळूच म्हटलं, एवढा खर्च होतो आहे, तुमच्या बिलाचं कुणी बघायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "आज नको गं. आज ती वेळ नाही."

मी गप्प बसले. त्यांचा तो अधिकार होता.

पण सन्माननीय सदस्यहो, तेच वाक्य तुम्हीही म्हणालात, आणि तुमचा तो अधिकार होता का, हे मला विचारायचं आहे. ८ सप्टेंबरच्या दुपारी तुम्ही वीज आणि गॅसच्या बिलांवरच चर्चा करत होता. महागाई दहा टक्क्यांच्या आसपास होती. सरासरी घराचं वर्षाचं बिल ऑक्टोबरपासून ३,५४९ पौंडांवर जाणार असं जाहीर झालेलं, आणि त्या दिवशी नव्या पंतप्रधानांनी ते २,५०० वर रोखण्याची घोषणा केली. तेवढ्यात सभागृहात राणींच्या प्रकृतीबद्दल चिठ्ठ्या फिरल्या, आणि त्याच दिवशी त्या गेल्या. पुढचे दोन दिवस श्रद्धांजली, आणि मग २१ तारखेपर्यंत कामकाज बंद. आम्हा नर्सेसच्या संघटनेचं संपासाठीचं मतदान १५ सप्टेंबरला सुरू होणार होतं, ते ऑक्टोबरवर गेलं. ऑक्सफर्डमध्ये नव्या राजाच्या घोषणेच्या वेळी 'यांना निवडलं कुणी?' असं विचारणाऱ्या माणसाला पोलिसांनी पकडलं. एडिनबरामध्ये फलक धरणाऱ्या एका मुलीला अटक झाली. तुमच्या दारातल्या चौकात कोरा कागद घेऊन उभ्या राहिलेल्या वकिलाला, यावर 'माझा राजा नाही' असं लिहिलंस तर अटक होईल, असं सुनावलं गेलं. तेव्हाही हेच, ही ती वेळ नाही.

पुढे ६ मे २०२३ ला राज्याभिषेक झाला. नवा सार्वजनिक सुव्यवस्था कायदा त्याच आठवड्यात लागू झालेला. राजेशाहीला विरोध करणाऱ्या संघटनेच्या सहा जणांना सकाळीच उचललं, मग कारवाई न करता सोडलं आणि पोलिसांनी खेद व्यक्त केला. आनंदाचा दिवस होता, म्हणून तीही वेळ नव्हती.

आमच्याकडे सुतक दहा दिवसांचं असतं. घरात चूल पेटत नाही, शेजारीपाजारी डबे आणतात, मोठ्याने कुणी बोलत नाही. तेराव्याचं जेवण झालं की मात्र घरातली माणसं सतरंजीवर बसतात आणि कागद काढतात: सातबारा, सोसायटीचं कर्ज, कुणाचं देणं, कुणाचं येणं. मग तलाठ्याकडे वारसनोंद. माझे आजोबा गेले तेव्हा मी दाराआडून हे पाहिलं आहे. काकांचे डोळे अजून सुजलेले होते आणि ते विहिरीचा हिस्सा मोजत होते. गेलेल्या माणसाचा अपमान झाला असं कुणाच्याही मनात आलं नाही. राणी गेल्या त्याला आता तीन वर्षं होऊन गेली. तुम्ही अजून कागद काढलेला नाही.

तर मीच काढते. अंत्यविधीचा आणि शोककाळाचा सरकारी खर्च, तुमच्याच अर्थखात्याने सांगितलेला, सुमारे १६ कोटी २० लाख पौंड. राज्याभिषेकाचा ७ कोटी २० लाख. राजघराण्याला दरवर्षी मिळणारं अनुदान ८ कोटी ६३ लाख होतं, ते २०२५-२६ साठी १३ कोटी २० लाखांच्या घरात गेलं. वाढ बकिंगहॅम राजवाड्याच्या दुरुस्तीसाठी आहे असं सांगतात. असेलही. पावसात गळणारी घरं मी रोज बघते, दुरुस्तीला पैसे लागतात हे मला कळतं. आणि अंत्यविधी झाला त्या २०२२-२३ या वर्षात एकट्या ट्रसेल ट्रस्टच्या फूड बँकांनी जवळजवळ ३० लाख शिधा-पाकिटं वाटली.

खर्चापेक्षा मला वारसनोंद जास्त खुपते. या देशात सर्वसाधारणपणे ३ लाख २५ हजार पौंडांच्या वरच्या वारशावर ४० टक्के कर आहे. राजाकडून राजाकडे जाणाऱ्या मालमत्तेवर तो नाही, १९९३ मध्ये सरकार आणि राजवाडा यांच्यात झालेल्या समझोत्याने ती सूट दिली. राण्यांची आणि राजांची मृत्युपत्रं बाहेर येत नाहीत. प्रिन्स फिलिप यांचं मृत्युपत्र न्यायालयाने ९० वर्षांसाठी सीलबंद केलं. मग किती कर माफ झाला, हे विचारायची सोयच राहत नाही. २०२४ मध्ये शेतकऱ्यांच्या जमिनीवर वारसा कर लावायचं ठरलं तेव्हा संसदेजवळच्या व्हाइटहॉल रस्त्यावर ट्रॅक्टर आले. तुम्ही त्यावर तासन्‌तास भांडलात, आणि ते योग्यच होतं. राजाच्या जमिनीबद्दल तसं एकदा तरी भांडा.

कुणी म्हणेल, क्राउन इस्टेटचा, म्हणजे राजपदाच्या नावे असलेल्या जमिनी-इमारतींचा, नफा राजा सरकारला देतोच की. ती इस्टेट राजाची खाजगी मालमत्ता नाही, तिचं उत्पन्न १७६० पासून सरकारकडेच जातं. आणि आयकर राजे स्वखुशीने भरतात हे मला माहीत आहे. मीही खुशीने भरते, पण मला विचारून कुणी कापत नाही.

माझ्या भागातल्या वाचकांनी हे नीट वाचावं. जुन्या लँकशायरच्या हद्दीत कुणी मृत्युपत्र न करता आणि जवळचं नातलग मागे न ठेवता वारलं, तर त्याचं जे काही उरेल ते डची ऑफ लँकेस्टरकडे जातं, म्हणजे राजाच्या खाजगी उत्पन्नाच्या जहागिरीकडे. खर्च वजा करून उरलेलं धर्मादायाला देतो, असं डची सांगते. २०२३ मध्ये बातमी आली की त्यातला काही पैसा डचीने भाड्याने दिलेल्या आपल्याच इमारतींच्या दुरुस्तीवर गेला. आणि ज्या सेंट थॉमस रुग्णालयाला लागून आमची रांग गेली, त्याच्या ट्रस्टने रुग्णवाहिका ठेवायला डचीचं गोदाम भाड्याने घेतलं, १५ वर्षांसाठी १ कोटी १४ लाख पौंडांना. ही बातमी मी जेवणाच्या सुटीत वाचली आणि डबा तसाच बंद केला.

आजींना नातलग कुणी नाही. मृत्युपत्र केलं आहे का, हे मी विचारलेलं नाही, ते नर्सचं काम नाही.

राजावर जीव लावणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. आम्ही कोल्हापूरचे. ६ मे २०२२ ला राजर्षी शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली. सकाळी दहा वाजता अख्खं शहर १०० सेकंद जागच्या जागी उभं राहिलं. भावाने दसरा चौकातून फोन चालू ठेवला होता. एरवी हॉर्नने कान किटणाऱ्या त्या चौकात मला फक्त वारा ऐकू येत होता. शंभर वर्षांनी माणसं का थांबतात? राणी व्हिक्टोरिया १९०१ च्या जानेवारीत गेल्या. त्याच वर्षी कोल्हापुरात सुरू झालेल्या बोर्डिंगला त्यांचं नाव दिलं गेलं, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग. राणीच्या नावाने खेड्यातल्या पोरांची राहण्या-जेवणाची सोय झाली. पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या समाजांतल्या मुलांसाठी बोर्डिंगं निघाली. माझे पणजोबा असल्याच एका बोर्डिंगमध्ये शिकले. ते तिथे नसते तर मी आज नर्स नसते. १९०२ मध्ये महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी लंडनला आले होते. समारंभ राजाच्या आजारपणामुळे लांबला, आणि महाराज इथे असतानाच २६ जुलैला करवीर गॅझेटमध्ये त्यांचा हुकूम छापून आला: संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना.

तरीही मी राजेशाहीची बाजू घेणार नाही. महाराज कागलच्या घाटग्यांच्या घरातून दत्तक आले. दुसरं कुणी दत्तक आलं असतं तर? प्रजेचं नशीब असं एका दत्तकविधानावर टांगलेलं नसावं. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झालं, १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. महाराजांवरचं आमचं प्रेम त्यामुळे तिळभर कमी झालं नाही. त्यांच्या गादीचे आजचे वारस २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मतं मागायला आमच्या दारी आले. पंचाहत्तरी उलटलेले, ऐन एप्रिलच्या उन्हात. लोकांनी निवडून दिलं, आणि त्यांनी संविधानाची शपथ घेतली. ऑक्सफर्डच्या त्या माणसाचा प्रश्न कोल्हापुरात कुणी विचारला असता, तर त्याला मतांच्या आकड्यांत उत्तर मिळालं असतं. (भारतात वारसा कर १९८५ मध्येच रद्द झाला, तिथली विषमता काही कमी नाही, हे मला ठाऊक आहे. त्याचं पत्र तिथल्या खासदारांना लिहावं लागेल.)

माझं स्वतःचं मत विचाराल तर राजपद माझ्या मुलीच्या हयातीत लोकांच्या मतानेच संपावं. पण आज मी ते मागत नाही. १९९३ चा समझोता सभागृहात चर्चेला आणा. राजघराण्यातल्या माणसांवर टीका करायची तर स्वतंत्र ठराव लागतो, असा तुमचा नियम आहे ना? मग ठराव आणा. मृत्युपत्रांची सीलं काढा. आणि नव्याने नागरिक होणाऱ्यांना व्यक्तीऐवजी कायद्याशी आणि लोकांशी निष्ठेची शपथ घेण्याचा पर्याय द्या. त्याच टाउन हॉलमध्ये, त्याच दिवशी, या देशाची लोकशाही मूल्ये जपीन असंही माझ्याकडून वदवून घेतलं होतं. हे पत्र त्या दुसऱ्या वाक्याला धरून आहे.

इथल्या मराठी मंडळींना एक सांगायचं राहिलं. तुमच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असला, तरी ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकांना संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. मतदार यादीत नाव नसेल तर घाला, आणि आपल्या खासदाराला लिहा. मराठीत लिहिलंत तरी चालेल, घरातली मुलं इंग्रजी करून देतील.

माझ्या खासदारांची लोकांना भेटायची वेळ शुक्रवारी असते. डॉक्टरच्या दवाखान्यासारखी इथे त्यालाही सर्जरीच म्हणतात. येत्या शुक्रवारी शेवटची व्हिजिट आजींची आहे, दुपारी तीनला. जखम आता भरत आली आहे. तिथून थेट येईन, गणवेशातच असेन. पंधरा मिनिटं द्या.

आपली,
जुन्या लँकशायरमधली एक कम्युनिटी नर्स